गुडघ्यातलं रोप

आमच्या बोर्लीत निम्मं गाव मला अजून 'मालिशवाली ताई' म्हणतं. रीतसर शिकले, मुंबईच्या मोठ्या इस्पितळात काही वर्षं नोकरी केली, मग गावात परत येऊन बाजाराच्या रस्त्यावर स्वतःचा दवाखाना टाकला आणि बाहेर 'फिजिओथेरपी' असा माझ्या उंचीचा फलक लावला. उपयोग शून्य. म्हाताऱ्या बायका घरून खोबरेल तेलाची बाटली घेऊन येतात आणि मी तेल लावत नाही म्हटलं की माझ्याकडे असं बघतात, जणू मी पाहुण्यांना भाताशिवाय जेवण वाढलंय. माझे वडील म्हणतात, तुझ्या नाकावरचा राग जरा खाली उतरला तर लोकांना तो फलक दिसेल. वडील निवृत्त शिक्षक आहेत. वर्गात बोलायची सवय गेली नाही, समोर वर्ग उरला नाही, म्हणून माझ्यावर भागवतात.

तरीही याच गावात एक गुडघा असा आहे की त्याचा विषय निघाला की मी हातातलं काम सोडून बसते आणि सांगायला लागते. घरच्यांना तो पाठ झालाय. पण तो गुडघा मी पहिल्या दिवसापासून पाहिला आहे, आतून पाहिला आहे, आणि त्यातला थोडा माझाही आहे असं मी मानते. कोणाला हा आगाऊपणा वाटला तर वाटो.

गुडघ्याचा मालक आमच्या वाडीतल्या, म्हणजे बागेतल्या, पोफळींवर चढणारा गडी. माझ्यापेक्षा सात-आठ वर्षांनी लहान. त्याचे वडीलही आमच्याकडे चढायचे. पोफळ म्हणजे सुपारीचं झाड, सरळसोट, मांडीएवढ्या जाडीचं, आणि वर शेंड्याला तेवढा झावळ्यांचा झुबका. आमच्याकडची रीत अशी की गडी ओळीतल्या पहिल्या पोफळीवर चढतो, सुपारीचा घड कापून दोरीनं खाली सोडतो, आणि मग खाली उतरत नाही. शेंड्याशी बसून झाड झुलवतो. शेजारची पोफळ टप्प्यात आली की आधीचं झाड सोडून तिला मिठी मारतो. अशी झाडामागून झाडं घेत पुरी ओळ संपवतो आणि शेवटच्या झाडावरून खाली येतो. लहानपणी आम्ही मुलं खाली माना वर करून उभी असायचो. भीती वाटायची, आणि तरी घरात कोणी हाक मारली तर ऐकू आली नाही असं दाखवायचो. हा गडी चढायला लागला तेव्हा मोठी माणसंसुद्धा कामं टाकून बघायला यायची. झाडावरून झाडावर जाताना तो दोन झाडांच्या मध्ये क्षणभर कुठल्याच झाडावर नसायचा, आणि त्या क्षणी तो हमखास शीळ घालायचा. मुद्दाम. गावातल्या मुलींसाठी, असं वडील म्हणायचे. त्यातल्याच एकीशी त्याचं लग्न झालं, म्हणजे वडिलांचं अगदीच चुकलं नव्हतं.

एवढी वर्षं झाडावर काढली, पण झाडावरून तो कधी पडला नाही. पडला तो दिघीच्या धक्क्यावर. पावसाळ्याचे दिवस, आगरदांड्याहून आलेली फेरीबोट लागलेली, हा मोटरसायकल घेऊन उतारावरून वर चढत होता. शेवाळलेल्या उतारावर चाक घसरलं आणि उजवा गुडघा सिमेंटवर आपटला. एक्स-रे काढला, हाड शाबूत निघालं. चार दिवस आराम कर, असं त्याला सांगितलं. त्यानं चारच केला. मग गुडघा सुजायला लागला, चालताचालता मध्येच अडकायला लागला, आणि पोफळीवर अर्ध्यात गेल्यावर एक दिवस पाय वाकेनाच. तो तसाच हातांच्या जोरावर घसरत खाली आला. दुसऱ्या दिवशी त्याची बायको त्याला मिनीडोर रिक्षामध्ये घालून माझ्याकडे घेऊन आली. तिनंही तेलाची बाटली आणली होती.

मी गुडघा तपासला आणि तेलाची बाटली तिच्या पिशवीत परत ठेवली. पनवेलला पाठवून एमआरआय करून घेतला. आत मांडीच्या हाडाच्या टोकावरची कूर्चा रुपयाच्या नाण्याएवढी उडाली होती. कूर्चा म्हणजे काय ते त्याला कळेना, तेव्हा मी विचारलं, "कोंबडी खातोस ना? तंगडीच्या हाडाच्या टोकाला पांढरं, चकचकीत, गुळगुळीत असतं बघ. ते."

"म्हंजे ते जुळंल ना? हाड जुळतंय तसा?"

"नाही जुळत. हाडाला रक्त पोचतं, ह्याला पोचत नाही. एकदा उडालं की खड्डा तसाच राहतो, आणि हळूहळू आजूबाजूचंही झिजायला लागतं."

 बायकोनं विचारलं, "ताई, मग चढाया मिळंल का न्हाय?" बाकी कशाचीच चौकशी तिनं केली नाही. खर्चाची नाही, दुखण्याची नाही. नंतर मला कळलं की त्याच्या थोरल्या भावानं न्हावा शेव्याला कंटेनरच्या एका यार्डात त्याच्यासाठी जागा बघून ठेवली होती. गेटवर खुर्ची टाकून बसायचं, येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्या बघायच्या. वाईट नोकरी नव्हे. पण ज्यानं सारं आयुष्य शेंड्यावर काढलं त्याला खुर्चीवर बसलेला डोळ्यांसमोर आणून बघा. मला तर बघवेना.

मुंबईच्या इस्पितळात मी ज्या डॉक्टरबाईंच्या हाताखाली काम केलं होतं, त्या आता गुडघ्याच्या कूर्चेवर नव्या पद्धतीची शस्त्रक्रिया करत होत्या. संशोधनाचा भाग होता, त्यामुळे निवडक रुग्णांना खर्च पडत नव्हता. मी फोन केला. त्यांनी वय विचारलं, खड्डा एकच आहे का विचारलं, भोवतालची कूर्चा चांगली आहे का विचारलं. माझी उत्तरं ऐकून म्हणाल्या, "असाच माणूस पाहिजे. घेऊन ये. पण वर्षभर त्याला धरून ठेवणारं कोणी पाहिजे."

मी म्हटलं, "मी आहे ना." नंतर त्या वर्षात हे तीन शब्द मला अनेकदा आठवले.

ती पद्धत त्याला समजावून सांगायला मला फार कष्ट पडले नाहीत, कारण तो भातशेतीच्या घरातला. मी म्हटलं, तुझ्याच गुडघ्यातून, जिथे भार येत नाही अशा जागेवरून, तांदळाच्या दाण्याएवढी कूर्चा काढतात. ते बियाणं. प्रयोगशाळेत त्यातल्या पेशी वाढवतात. ते रोप. रोप तयार झालं की लावणी. फक्त लावणीला चिखल पाहिजे, तशी पेशींना बसायला जागा पाहिजे. नुसत्या खड्ड्यात ओतल्या तर वाहून जातील. म्हणून एक जाळी करतात, आत सगळीकडून बारीक छिद्रं असलेली. त्या जाळीत पेशी बसवतात आणि जाळी खड्ड्यात. पेशी त्या आधारानं वाढतात, आपली कूर्चा विणतात, आणि काम झालं की जाळी हळूहळू विरघळून जाते. इंग्रजीत तिला स्कॅफोल्ड म्हणतात. इमारतीला बांधतात ती परांची. ही परांची सोडवायला मात्र कोणी वर चढावं लागत नाही.

त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हंजे दुसऱ्या कोनाचा काय घालनार न्हाय?"

"नाही. बी तुझंच, शेतही तुझंच."

"मग हरकत न्हाय," तो म्हणाला, जणू डॉक्टरबाई त्याच्या परवानगीसाठी अडून बसल्या होत्या.

पहिली शस्त्रक्रिया किरकोळ, दुर्बिणीतून. बियाणं काढून तो घरी आला. रोप तयार होईपर्यंत काही आठवडे जायचे होते, आणि त्या काळात कोणी विचारलं तर तो सांगायचा की माझी पोरं मुंबईला शिकाया ठेवलीत, मोठी झाली का आनाया जायचं. गावात तेवढ्यात बातम्या पिकल्या. कोणी म्हणे प्लास्टिकची जाळी घालणार, कोणी म्हणे बकऱ्याचा गुडघा बसवणार. माझी एक सत्तरीची आत्या काठी टेकत दवाखान्यात आली आणि म्हणाली, मलाही ती जाळी लाव दोन्ही गुडघ्यांना. मी तिला सांगितलं की ही जाळी झिजलेल्या गुडघ्याला चालत नाही, बाकी कूर्चा धड असेल आणि मध्येच एक खड्डा पडला असेल तरच. ती म्हणाली, "म्हणजे गड्यांना देता आणि आत्याला नाही." महिनाभर बोलत नव्हती.

दुसऱ्या शस्त्रक्रियेला मी मुंबईला गेले. डॉक्टरबाईंनी मला थिएटरमध्ये एका कोपऱ्यात उभं राहू दिलं. त्याआधी त्यांनी मला एक कोरी, नमुन्याची जाळी हातात दिली होती. पांढरी, कोरडी, इतकी हलकी की तळहातावर आहे की नाही ते बघावं लागत होतं. उजेडासमोर धरली तर आत बारीक बारीक घरं दिसायची. चांगली आंबलेली आंबोळी तव्यावर कशी जाळी धरते, तशी. मी इतकी वर्षं गुडघे वाकवतेय, सरळ करतेय, त्यांच्याशी भांडतेय, पण हे हातात आल्यावर मी ते कितीदा तरी उलटंपालटं करून बघितलं. कोणीतरी बसून ही घरं घडवली होती. पेशीला आत शिरता येईल एवढी मोठी, आणि वाहून जाऊ नये एवढी लहान. आपल्याकडच्या माणसांनी, आपल्याकडच्या प्रयोगशाळेत.

मग थिएटरात त्याचा गुडघा उघडला. खड्डा दिसला. भोवती कूर्चा मोत्यासारखी चमकत होती आणि मध्ये तो खरबरीत, लालसर डाग. डॉक्टरबाईंनी कडा कापून नीट केल्या, खड्ड्याचं माप घेतलं, पेशी भरलेली जाळी त्या मापाची कापली आणि अलगद आत बसवली. कडेनं जैविक गोंद लावला. गुडघा दोन-तीनदा वाकवून बघितला. जाळी हलली नाही. सगळं इतकं शांतपणे झालं की मीच तोंडावरच्या मास्कमध्ये मोठ्यानं श्वास सोडला आणि सिस्टरनं माझ्याकडे वळून बघितलं.

तिथून पुढचं काम माझं. हे मी आवर्जून सांगते, कारण लोकांना वाटतं शस्त्रक्रिया झाली म्हणजे झालं. लावणी झाल्यावर त्या शेतात कोणी नाचतं का? दीड महिना पाय टेकवायचा नाही, कुबड्या. आधी पाटावर टाल्कम पावडर टाकून नुसती टाच सरकवायची. मग पाय ताठ उचलायचा. मग थोडा भार, मग पूर्ण भार, मग पायरी. आणि ह्या सगळ्यात एक नियम मी त्याला पहिल्याच दिवशी बजावला होता. गुडघा सुजला, आत पाणी धरलं, तर एक टप्पा मागे यायचं. सूज उतरेपर्यंत थांबायचं, मग परत पुढे. तो मान डोलवायचा. मान डोलवणाऱ्या माणसांवर विश्वास ठेवू नये हे मला ह्या धंद्यात कळायला हवं होतं म्हणा, पण तो करत होता ते इतकं मनापासून करत होता की मी खूश होते. टाच सरकवायला सांगितली तर घरी पाटाला भोक पडेपर्यंत सरकवायचा.

शिमग्याच्या सुमाराची गोष्ट. एरवी तो अर्ध्या चड्डीत यायचा, त्या दिवशी फुल पँट घालून आला. मी म्हटलं, वर कर. तो म्हणाला, "आज नको ताई, पालखीला जायाचं हाय, इस्त्री मोडंल." मी त्याच्याकडे नुसतं बघितलं. त्यानं पँट वर केली. गुडघा फुगून गुळगुळीत झाला होता. वाटीवर बोट दाबलं तर वाटी आत पाण्यावर टपकन आपटली. विचारल्यावर हळूहळू बाहेर आलं. पंधरा-वीस दिवसांपूर्वीच सूज आली होती. मी सांगितलेली पायरी सोडून तो घरच्या उंच ओट्यावर एका पायानं चढउतार करत होता. सूज आली तरी थांबला नव्हता. मागे यायचा तर प्रश्नच नव्हता.

मी जे बोलले ते सगळं इथे लिहिण्यासारखं नाही. बाहेर बाकड्यावर बसलेले दोन रुग्ण उठून निघून गेले एवढं सांगते. शेवटी मी ओरडले, "मागे यायला सांगितलं होतं ना? एक टप्पा मागे यायला तुझं काय जात होतं?"

तो मान खाली घालून बसला होता. म्हणाला, "चढलेला मानूस मदीच उतरत न्हाय, ताई."

मला आधी कळलंच नाही. मग कळलं. पहिल्या झाडावर चढायचं, शेवटच्या झाडावरून उतरायचं. मध्येच खाली आला तो ओळ मोडून आला. त्याचा हात तरी सुटला, नाहीतर धीर. अशा माणसाला पुढच्या वर्षी वाडीत बोलावत नाहीत असं नाही, पण चहाच्या टपरीवर त्याच्यावरून हसतात, आणि हसणं वर्षभर चालतं. ह्यानं बापाकडून हे शिकलेलं. मी म्हणत होते मागे ये, आणि त्याला ऐकू येत होतं, सगळ्यांदेखत झाडावरून उतर. मी कितीही चांगलं समजावलं असतं तरी ते त्याच्या अंगात शिरलं नसतं. आमच्या वाड्यांतला माणूसच अशी चूक करू शकतो. मुंबईचा रुग्ण आळसानं व्यायाम चुकवतो, हा अभिमानानं गुडघा घालवत होता.

आणि घालवलाच असेल तर? जाळी सुटली असेल, पेशी वाहून गेल्या असतील, तर दुसरी लावणी नव्हती. डॉक्टरबाईंनी सांगितलं, ताबडतोब आण. दुसऱ्या दिवशी आम्ही निघालो. तो, त्याची बायको आणि मी.  इस्पितळात एमआरआयला त्याला आत नेलं, आणि आम्ही दोघी बाहेर बसलो. तेव्हा ती म्हणाली, "त्याचा भाऊ रोज फोन करतोय. खुर्ची रिकामी ठेवलीय म्हनतो." मग पिशवी मांडीवर ओढून घेत, "मी खुर्चीला न्हाय भीत ताई. त्यो खुर्चीवं बसून झाडांकडं बघंल, त्याला भितो आमी."

तो बाहेर आला तेव्हा तिनं त्याला समोर बसवलं आणि जे बोलली ते मी कधी विसरणार नाही. ती म्हणाली, "तू वर असतोस तवा सगळा गाव तुला वर बघतंय. टाळ्या वाजवतंय. मी लगीन झाल्यापासनं एकदा पन वर बघितलं न्हाय. मी झाडाच्या बुंध्याकडं बघत उभी ऱ्हाते. तुजे पाय खाली कवा लागतात ते बघाया. मला काय तुजी शीळ नको. उतरनारा मानूस पायजे मला." आणि पदरानं तोंड पुसून ती पाणी आणायला निघून गेली. तो तिच्या पाठीकडे बघत बसला. मी खिडकीबाहेर बघितलं, कारण माझे डोळे भरून आले होते आणि त्याला ते दाखवायचं नव्हतं.

डॉक्टरबाईंनी आम्हाला आत बोलावलं. पडद्यावर त्याचा गुडघा होता. जिथे खड्डा होता तिथे आता भोवतालच्या कूर्चेसारखाच राखाडी पट्टा दिसत होता, जरासा फिकट, पण कडेपासून कडेपर्यंत. जाळी जागेवर होती. पेशी जगल्या होत्या. नुसत्या जगल्या नव्हत्या, त्यांनी खड्डा भरत आणला होता. खालच्या हाडाला सूज होती, ती ओट्यावरच्या पराक्रमाची. डॉक्टरबाई त्याला म्हणाल्या, "तुझं नशीब. आता ही सांगेल तेवढंच करायचं." मग त्यांनी शिकाऊ डॉक्टरांना हाक मारली. सात-आठ जण पडद्याभोवती जमले. डॉक्टरबाई इंग्रजीत सांगत होत्या, आणि ह्याला राहवेना. मध्येच बोट दाखवून म्हणाला, "लावनी हाय ती. रोप माझंच हाय." एकानं ते लिहून घेतलं. खरंच लिहून घेतलं, मी पाहिलं.

परत आल्यावर मी त्याला सगळ्यात खालच्या टप्प्यावर नेलं. पाट, पावडर, टाच. मी वाट बघत होते की आता तोंड वाकडं करेल. त्यानं केलं नाही. पहिल्याच दिवशी चहाच्या टपरीवरचे दोघेजण मुद्दाम दवाखान्यात डोकावले आणि म्हणाले, काय रे, परत अंगनवाडीत? त्यानं टाच सरकवता सरकवता मान हलवली, होकारार्थी. तेवढ्यानं ते गेले. तिथून पुढे तो एकदाही पुढे पळाला नाही. पावसाळ्यात एकदा जरा सूज आली तर स्वतःहून सांगायला आला आणि स्वतःच म्हणाला, "ताई, एक मागं घेऊ." त्या संध्याकाळी मी घरी जाऊन वडिलांना सांगितलं, आणि वडील आयुष्यात पहिल्यांदा काही न बोलता नुसतं हसले.

दिवाळी उलटल्यावर डॉक्टरबाईंनी शेवटचा एमआरआय बघितला आणि चढायला परवानगी दिली. पण अर्धीच. चढायचं, उतरायचं. झाडावरून झाडावर जायचं नाही. दुसऱ्या झाडावर पाय आदळतो तो झटका गुडघ्याला अजून काही महिने द्यायचा नव्हता. आणि पहिल्या दिवशी एकच झाड, ही माझी अट. मी ती त्याला वाडीच्या कुंपणापाशी सांगितली तेव्हा तो म्हणाला, "बरं." मी मागच्या खेपेचं मान डोलवणं विसरले नव्हते. मी काही निर्धास्त नव्हते.

सुपारी काढायचे दिवस होते. कोणी सांगितलं नव्हतं, तरी आजूबाजूच्या वाड्यांमधली माणसं जमली. वडील खुर्ची घेऊन पुढे बसले. त्यानं ओळीतल्या पहिल्या पोफळीला हात लावून नमस्कार केला, पायात दोरीचा फास अडकवला आणि चढायला लागला. पहिल्या वेळी उजवा गुडघा वाकून त्यावर सगळा भार आला तेव्हा मी माझाच गुडघा हातानं धरला. तो गुडघा वाकला, सरळ झाला, वाकला, सरळ झाला. बघता बघता तो शेंड्याला पोचला. माणसं ओरडायला लागली. त्यानं घड कापले, दोरीनं खाली सोडले. काम संपलं.

आणि मग झाड हलायला लागलं.

मला कळेना तो झुलवतोय की वाऱ्यानं हलतंय. शेजारची पोफळ त्याच्या हातापासून फार तर दोन हात दूर होती.  सगळ्यांना माहीत होतं आता काय होणार, कारण तो शेंड्यावर असताना आजवर तेच झालं होतं. एकजण म्हणाला, "घे रं!"  त्याची बायको माझ्या शेजारी उभी होती. ती बुंध्याकडे बघत होती.

झाड थांबलं. आणि तो उतरायला लागला. सावकाश, एकेक पाऊल घेत, सगळ्यांच्या नजरेसमोर. पाय जमिनीला लागले तेव्हा त्याच्या बायकोनं मान वर केली.

मागून शेजारच्या वाडीतला एकजण हसला. "मदीच उतरलास रं? ओळ मोडलीस?"

माझ्या जिभेवर शिवी आली होती. पण तिची गरज पडली नाही. त्यानं पायातला फास काढला, घाम पुसला आणि त्या माणसाकडे बघून साध्या आवाजात म्हणाला, "व्हय. उतरलो. उद्या परत चढायचं हाय मला."

कोणी हसलं नाही. वडील खुर्चीतून उठून उभे राहिले. मी पुढे होऊन त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला, दाबून बघितला. पाणी नव्हतं. आत त्याचंच रोप होतं, घट्ट बसलेलं, आणि त्याच्यावर उभा राहिलेला तो होता. मला अभिमान कोणाचा वाटत होता हे त्या क्षणी मला सांगता आलं नसतं. जाळी घडवणाऱ्यांचा, डॉक्टरबाईंचा, माझा, सगळ्यांचाच असेल. पण सगळ्यात जास्त त्याचा, हे मी आता सांगू शकते. तो चढला ह्याचा नाही. तो उतरला ह्याचा.